दहा मिनिटांचा पत्ता

आतल्या खोलीत नातीनं नीलव्वाला हाक मारली आणि मथुराबाईचा मेथी निवडणारा हात जागच्या जागी थांबला. आधी वाटलं, भास झाला. या वयात कान काय वाट्टेल ते ऐकतात, आणि ऐकू नये तेवढं नेमकं ऐकतात. पण पोरीनं फोनवरची तुणतुण्याची धून पुन्हा मागं नेली, घसा खाकरला आणि खणखणीत आवाजात परत म्हणाली, "अणदूरच्या नीलव्वाबाई, गोंधळाला यावं." मग, "अणदूरच्या सगुणाबाई, गोंधळाला यावं." मग अणदूरचे रामकिसनराव. गोंधळात देवाला त्याच्या गावासकट बोलावतात, तसं एकेकाला बोलावणं चाललं होतं. धाराशिवच्या तिसऱ्या मजल्यावरचा हा फ्लॅट. शेजारीण वाटीभर साखर मागायला म्हणून कधी उंबरा चढली नाही, आणि तिथं नीलव्वाला, सगुणेला, रामकिसनला आवतण जात होतं; आणि तिघांतलं एकही माणूस आता या जगात नव्हतं. नीलव्वाला तिच्या लिंगायत लोकांनी बसवून माती दिली तेव्हा मथुराबाई स्वतः मूठभर माती टाकून आली होती. तिनं जुडी परातीत ठेवली. देठं आणि पानं एक झाली. दार लोटून कुणी आत येतंय की काय, असं तिनं खरोखर वळून पाहिलं.

"ज्ञाने," तिनं हाक मारली, "हे काय लावलंस ग?"

ज्ञानेश्वरी ओले केस पंच्यात गुंडाळून बाहेर आली. कॉलेजातली पोर, पण चालताना अजून उंबऱ्यावरनं उडी मारते. "ऐकलंस? कसं वाटलं? रविवारी अणदुरात हेच म्हणणार मी. देव नळदुर्गाचा मुक्काम संपवून अणदूरला परत आला की दुसऱ्याच दिवशी आपला कार्यक्रम आहे ना बक्षिसाचा, देवळापुढं. मला ज्यांनी मतं दिली त्यांतल्या अणदूरच्या सगळ्यांना मी नावानं बोलावणार. देवांना सगळेच बोलावतात, मी माणसांना बोलावणार."

"तुला कुठं घावली नावं?"

"त्या गाण्याच्या स्पर्धेच्या पानावर दिसतात की, फोनमध्ये. मत देणाऱ्याचं नाव आणि गाव. अगं, सगळं अणदूर माझ्या मागं होतं! एक मैत्रीण सोडली तर मी त्यांतल्या कुणाला ओळखत नाही, आणि बघ त्यांची माया. जुनी जुनी नावं आहेत एकेक. म्हाताऱ्या बायकांनी पण फोन घेऊन मत दिलंय, आजी."

"आन ती माणसं तिथं नसली मंग?"

"नसतील कशी? देव आल्यावर अणदूरचं माणूस घरात बसतं का? नाव घेतलं की हात वर करायला सांगणार मी, स्टेजवरून." आणि पोर पुन्हा आत गेली. तुणतुणं सुरू झालं.

मथुराबाई परातीकडं बघत राहिली. हात वर करायला सांगणार. तिला ते देवळापुढचं पटांगण दिसलं, भंडाऱ्यानं पिवळं झालेलं, पुढं बसलेल्या बायका, मागं उभे राहिलेले बाप्ये. पोर वर उभी राहून म्हणते, सगुणाबाई, कुठं आहात, हात वर करा. कुणाचाच हात वर होत नाही. मग रामकिसनराव. मग नीलव्वाबाई. मग म्हातारा हणमंतप्पा, ज्याला देवळात बसून बोलायचंच काम, तो म्हणतो, अगं पोरी, ही तर सगळी वर गेलेली माणसं बोलावायलीस तू. आधी हसू फुटतं. मग हसू थांबतं, कारण मेलेल्या माणसानं मत कसं दिलं हा सवाल अणदूरच्या शेंबड्या पोरालाही पडेल. आणि या सगळ्यांना एकत्र ओळखणारं, त्यांच्या नावांचा असा गठ्ठा डोक्यात घेऊन फिरणारं माणूस कोण, हे शोधायला गावाला पानाला चुना लावण्याइतकाही वेळ लागणार नाही. माना वळतील. तिच्याकडं. तिला पहिली भीती वाटली ती स्वतःच्या नाकाची. पोरीची नंतर. वर एकटी उभी राहिलेली, माईक हातात धरलेली पोर तिला नंतर दिसली. आणि आधी काय दिसलं नि मागाहून काय दिसलं, हा क्रम ध्यानात आला तशी मथुराबाईच्या तोंडाला कडू पाणी सुटलं. तिनं मेथीचं एक पान चावून बघितलं. तेही कडूच.

ते दहा मिनिटांच्या पत्त्याचं खूळ घरात आणलं ते या पोरीनंच. श्रावणात मथुराबाईला भजनं ऐकायची होती, आणि ती भजनवाली जागा आधी नाव विचारी, मग मेलचा पत्ता मागे, मग त्या पत्त्यावर निरोप धाडी, आणि तो निरोप उघडून बटण दाबल्याशिवाय आत सोडेना. "देवाचं ऐकायला बी दारावर शिपाई बसवलाय का मेल्यांनी?" असं ती म्हणाली तेव्हा पोर खदाखदा हसली होती. "आजी, खरा पत्ता कशाला द्यायचा? एकदा दिला की जन्मभर साड्यांच्या जाहिराती. हे बघ." आणि तिनं एक पान उघडून दिलं. तिथं काही मागायचं नाही, सांगायचं नाही. उघडलं की अक्षरांची नुसती खिचडी असलेला एक पत्ता आपोआप तयार. तो उचलून तिकडं द्यायचा. निरोप इथं खाली येऊन पडतो. बटण दाबलं की झालं आपलं काम. वर घड्याळ उलटं चालत असतं, दहा मिनिटं सरली की पत्ता जळून गेला. पुन्हा कुणी कितीही निरोप धाडले तरी घ्यायला कुणी नाही. मथुराबाईला ते फार आवडलं होतं. पत्रावळीसारखं. जेवलं, उचललं, टाकून दिलं. धुवायचं काम नाही. तिसरी यत्ता शिकलेल्या बाईला ही विद्या आली याचा तिला अभिमान वाटला होता, आणि सूनबाईला, अर्पिताला, जी कागदी शिक्षणानं तिच्यापेक्षा डोंगराएवढी उंच, तिला ती येत नव्हती याचा तर जास्तच.

स्पर्धेतही तसंच होतं. एका माणसाचं एक मत, आणि माणूस खरा आहे हे ठरवायचं ते मेलवर आलेल्या निरोपानं. मतं बंद व्हायचा शेवटचा दिवस नेमका येळवशीचा आला. मार्गशीर्षातल्या त्या अवसेला धाराशिवात कुत्रंसुद्धा घरी थांबत नाही. सगळा मुलूख वावरात. मथुराबाईनं पहाटेपासून उठून बाजरीचे उंडे केले, भज्जी केली, आंबिलाच्या बिंदग्याचं तोंड कपड्यानं बांधलं, आणि गाडी खाली लागल्यावर गुडघा धरून बसली. कृष्णराज, तिचा लेक, दारात उभा राहून म्हणाला, "आई, तू न्हाय म्हणल्यावर कसली येळवस? वावरात कडब्याच्या कोपीपुढं पूजेला कोण बसायचं?" ती त्याच्यावर खेकसली, "मी काय मेले का? म्होरच्या साली बसंन. जावा, आंबिल नासंल." जन्मात तिनं येळवस चुकवली नव्हती. बाळंतपणाच्या खाटेवरनं उठून एकदा बैलगाडीत घालून नेलं होतं तिला. पोर दारातनं निघता निघता म्हणाली होती, "आजी, स्पर्धेचं बघत बसू नकोस ग. महेश्वरी लई पुढं गेलीय, जाऊ दे." पोरीच्या तोंडावर दुःख नव्हतं. ते मथुराबाईला दिसलं होतं. पण तिनं धरलं असं की पोरीनं ते गिळलंय. आपल्या घरच्या पोरी गिळतातच.

गाडी वळली आणि तिनं पहिलं काय केलं, तर ही महेश्वरी कोण आहे ते उघडून बघितलं. अणदूरचीच. पंचाक्षरीची पोर. म्हणजे नीलव्वाची नात. काळी, किडकिडीत, नाकात बारीक चमकी, मागं पत्र्याची भिंत; कुणीतरी हातात फोन धरून काढलेला व्हिडिओ, त्यात मध्येच कोंबडं ओरडतं. आणि पोरीनं तोंड उघडलं. मथुराबाई पलंगाच्या कडेला बसली होती ती तशीच आत सरकून भिंतीला टेकली. आवाज नीलव्वाचा होता. थोडा नाकातून, खालच्या पट्टीत चालणारा, आणि वर जायची वेळ आली की जोर न लावता जाणारा. ओल्या मातीतनं खुरपं अलगद निघावं तसा. भुईमुगाची खुरपणी चालायची तेव्हा नीलव्वा एका सरीवर आणि ती शेजारच्या सरीवर. नीलव्वा गायला लागली की सगळ्या बायांचे हात एका ठेक्यात पडायचे, आणि दुपारपर्यंत कुणाची पाठ दुखायची नाही. मथुराबाई मध्ये आवाज मिसळायची तर नीलव्वा हसून म्हणायची, "मथुरे, तुझा गळा म्हंजी कडब्याची गंजी ओढल्यागत. तू आपली हूं म्हण." दुसरं कुणी असं बोललं असतं तर मथुराबाईनं त्याला बांधापल्याड घातलं असतं. नीलव्वाला ती मान डोलवून हूं म्हणायची. जन्मात जर कुणाचं ऐकलं असेल तर त्या एका बाईचं. आता त्या आवाजानं तिच्या डोळ्यांतनं पाणी काढलं. गाणं संपलं तेव्हा लुगड्याचा पदर ओला होता. आणि मग राग आला. रडवल्याचा राग. तिनं फोन गोधडीवर आपटला. माझ्या नातीच्या वर जायला निघालीस व्हय ग, पत्र्याखाली बसून.

तिला पुरतं ठाऊक होतं. हेच तर आता मेथीच्या परातीपुढं बसून तिला सोसवत नव्हतं. कोण सरस हे ठाऊक नसतं आणि मायेपोटी केलं असतं, तर ती आंधळी माया म्हणून देवानं पदरात घेतलं असतं. तिनं ऐकून, रडून, ओळखून केलं.

मतांसाठी माणसं उभी करायची म्हणजे नावं लागतात. पहिलं नाव विचारलं तेव्हा ती अडली. खोटं नाव सुचेना. जन्मात खोटं माणूस बनवायची वेळ कधी आली नव्हती. खोटं बोलली असेल, सतरा वेळा बोलली असेल, पण ते खऱ्या माणसांबद्दल. जित्या माणसाचं नाव घालावं तर उद्या तो म्हणेल, मी कधी दिलं मत. मग तिला वाटलं, जी काही म्हणणार नाहीत अशी माणसं तिला कमी आहेत का? बोटानं लिहायला वेळ लागतो म्हणून तिनं फोनमधल्या माईकचं चित्र दाबलं आणि त्या रिकाम्या घरात बोलली, "सगुणा." फोननं लिहिलं, सगुणा. सगुणा तिची नणंद. बिनलग्नाचीच तापानं गेली. गाव विचारलं. लातूर म्हणाली असती, सोलापूर म्हणाली असती, कोण बघायला येणार होतं? पण गाव खोटं सांगायला जीभ वळेना. ती म्हणाली, "अणदूर." माणूस खोटं, पत्ता खोटा, गाव तेवढं खरं. तिथंच ती फसली होती, आणि त्या वेळी मात्र तेवढ्या एका खऱ्यापायी तिला उलट बरं वाटलं होतं.

निरोप आला. "नमस्कार सगुणा, आपलं स्वागत आहे. आपण खऱ्या आहात याची खात्री करण्यासाठी खालचं बटण दाबा." मथुराबाईनं तो दोनदा वाचला. नणंदेला कुणी नमस्कार म्हणून कधी बोललं नव्हतं. ए सगुणे, इकडं ये, एवढंच. तिनं बटण दाबलं. सगुणा खरी झाली आणि तिनं ज्ञानेश्वरीला मत दिलं. मग ओळखीची वाट सापडल्यासारखी एकामागून एक नावं येत गेली. विहिरीवर मोट धरणारा रामकिसन. तुळजापूरच्या जत्रेत हरवून आठवड्यानं सापडलेली आणि मग जन्मभर त्याचीच गोष्ट सांगणारी चुलत सासू. बांगड्या भरायला येणारी कासारीण. हरेकाला नवा पत्ता, हरेकाला दहा मिनिटांचा जीव, हरेकाला नमस्कार आणि स्वागत. घर भरत चाललं होतं. तिला एकटं वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर तिला मजा येत होती. मेलेल्या माणसांना बसवून पाट मांडल्यासारखी ती हाका मारत होती आणि ती येत होती. आणि त्याच झपाट्यात, पुढचं नाव काय म्हणून मनानं पुढं केलं तेव्हा, तिच्या तोंडून "नीलव्वा" निघून गेलं. फोननं लिहूनही टाकलं. मिटवता आलं असतं. तिनं मिटवलं नाही. नीलव्वा खरी झाली, आणि नीलव्वानं आपल्या सख्ख्या नातीच्या विरोधात मत दिलं.

त्यानंतर थांबावं की नाही? ती थांबली नाही. तिनं मालकांचं नाव घ्यायचं ठरवलं. माईक दाबला आणि तोंड उघडेना. नवऱ्याचं नाव तिनं जन्मात ओठांवर आणलं नव्हतं; राशनच्या दुकानात, दवाखान्यात, कुठंही विचारलं तर शेजारच्या बाईला सांगायला लावायची. मग बोटानं लिहिलं. ब. ल. भीम. एकेक अक्षर शोधत. बोलणं वेगळं, लिहिणं वेगळं, असं स्वतःला समजावत. निरोप आला, "नमस्कार बलभीम, आपलं स्वागत आहे. आपण खरे आहात याची खात्री करण्यासाठी…" आणि बोट बटणावर जाईना. वर घड्याळ उलटं पळत होतं. सोलापूरच्या दवाखान्यात काचेपलीकडं त्यांच्या उशाशी असंच एक यंत्र आकडे दाखवायचं. ते आकडे उतरायला लागले की नर्स धावत यायची. मथुराबाईला काही कळायचं नाही, पण उतरू नयेत एवढं कळायचं. या पानावर खाली आणखी एक बटण होतं, अजून दहा मिनिटं द्या म्हणून. तिनं ते दाबलं. घड्याळ पुन्हा भरलं. ती नुसती बसून राहिली, नमस्कार बलभीम या अक्षरांकडं बघत, सरत आलं की दाबत, पुन्हा सरत आलं की पुन्हा दाबत. मत द्यायचं नव्हतंच आता. त्यांना एवढ्यासाठी बोलावलं, पोरीच्या स्पर्धेसाठी लबाडी करायला, आणि त्यांना ते कळलंय, आणि ते त्यांच्या सवयीप्रमाणं काही बोलत नाहीत, असं तिला वाटत राहिलं. खाली गाडीचा भोंगा वाजला. जिन्यात पोरांचा गलका, आंबिलाचा आंबूस वास. अर्पितानं दार उघडून म्हटलं, "आई, गुडघा कसाय?" मथुराबाईनं फोन उशीखाली घातला. परत काढला तेव्हा पान पांढरं होतं.

निकाल लागला. ज्ञानेश्वरी पहिली, थोडक्यात. पेढे आले, कृष्णराजनं बँकेत वाटले, एरवी उंबरा न चढणाऱ्या बिल्डिंगमधल्या बायकांनी घरात येऊन मथुराबाईच्या हातात नारळ ठेवला. ती म्हणाली, "माझ्या घरची पोर हाय, दुसरं काय व्हायचं?" आणि हे म्हणताना तिची जीभ जराही अडखळली नाही, म्हणून तिला स्वतःचीच भीती वाटली. दोन दिवसांनी दुपारी घरात कुणी नसताना तिनं नीलव्वाचं तेवढं मत काढून घ्यायचं ठरवलं. बाकीची राहू देत, ही एक नको. पानानं सांगितलं, खातं बंद करायचं तर आपल्या पत्त्यावर निरोप पाठवला आहे, तो उघडा. कुठला पत्ता? ती खिचडी अक्षरं तर कधीच जळून गेली. निरोप गेला होता. घेणारं कुणी नव्हतं. तिनं पुन्हा पुन्हा मागितला, तो पुन्हा पुन्हा गेला, ज्या घरात कुणी राहत नाही त्या घराच्या दारात पडत राहिला. त्या दिवसापासून जेवताना तिला वाटे, नीलव्वा समोर बसली आहे, आणि ती रागावलेली नाही. ती नुसती बसते, हसते, आणि गात नाही.

तुणतुणं थांबलं. आत पोर पाणी पीत होती, पेल्याचा आवाज आला. मथुराबाईनं पळवाटा मनातल्या मनात चालून पाहिल्या. आजारी पडावं. कार्यक्रम पुढं ढकलायला लावावा. कृष्णराजला सांगावं, म्हणजे तो ओरडेल आणि ओरडण्याच्या आवाजात आपलं झाकून जाईल. किंवा पोरीला म्हणावं, नावं घेऊ नको, देवापुढं माणसांची नावं घेणं बरं नव्हं. ती ऐकेल, कधी मोडला नाही तिनं शब्द. हे शेवटचं किती सोपं होतं. अर्धी मान हललीसुद्धा तिची त्या विचारावर. मग पोरीनं आतून परत धरलं, "अणदूरच्या नीलव्वाबाई", आणि या वेळी तिनं त्यात जीव ओतला होता. एका न बघितलेल्या म्हातारीनं आपल्याला मत दिलं म्हणून पोरीचा आवाज खरोखर भरून आला होता. मथुराबाई उठली. गुडघा आता खरंच दुखत होता.

"ते बंद कर आधी," ती दारात उभी राहून म्हणाली. "बस खाली. मी बोलंपर्यंत मधी बोलू नको. बोललीस तर मला पुन्हा सांगायचं न्हाय."

पोर बसली. मथुराबाई उभीच राहिली; बसून सांगितलं असतं तर ते मायेचं बोलणं झालं असतं. "ती नावं घेऊ नको. त्यातलं एक बी माणूस हात वर करायचं न्हाय. सगुणा माझी नणंद, तुझ्या बापाच्या जन्माआधी गेली. रामकिसन गेला. बाकीची बी गेली. मतं मी दिली. तू दाखवलेल्या त्या दहा मिनिटांच्या पत्त्यानं. येळवशीला गुडघा दुखत नव्हता माझा."

ज्ञानेश्वरीनं फोनवर ती नावांची यादी उघडली.

"नीलव्वा महेश्वरीची आजी. माझी… माझी ती सरीवरची जोडीदारीण. तिला बी सोडलं न्हाय मी. तिच्याच नातीच्या विरुद्ध उभी केली."

बाहेर कुणीतरी जिन्यात बादली आपटली. पोर हातातल्या फोनकडं बघत होती. रडेल, ओरडेल, फोन फेकून मारेल असं मथुराबाईला वाटलं, आणि मारावा असंही वाटलं. पोरीनं विचारलं ते वेगळंच.

"आजी, तू मला कधी पूर्ण ऐकलंयस का ग? गाणं. सुरुवातीपासून शेवटापर्यंत."

मतं किती झाली हे मथुराबाई दर घटकेला बघायची. गाणं लावलं की तिच्या मनात पुढच्या बाईला काय ऐकवायचं याची जुळवाजुळव चालायची.

"आणि महेश्वरीचं?"

"ऐकलं."

"मग सांग. खरं सांग हां. कुणाचं चांगलं?"

असं कुणी मथुराबाईला समोर बसवून विचारलं नव्हतं. तिच्या जिभेवर शंभर उत्तरं तयार असायची, धारेची, समोरच्याला गप्प करणारी. त्यांतलं एकही पुढं आलं नाही. ती दाराच्या चौकटीला धरून म्हणाली, "तिचं. तिचं लई चांगलंय, ज्ञाने. तुझं बी गोड हाय. पण तिचं लई चांगलंय."

पोरीनं मान हलवली. बराच वेळ हलवत राहिली. मग ती हसल्यासारखं म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिचे डोळे भरले, "मला माहितीये. मी माझं मत तिलाच दिलं होतं."

मथुराबाईला आधी अर्थ लागला नाही.

"गाडीत बसून, येळवशीला जाताना. स्पर्धेतच ओळख झाली आमची, फोनवर बोललो होतो आधीच. ती म्हणाली, तू मला दे, मी तुला देते. मी म्हटलं, चालेल. पण मी काही देण्याघेण्यासाठी नाही दिलं, आजी. ती गाते तेव्हा मला माझं गाणं आठवतच नाही. ती जिंकणार म्हणून मी खूश होते. आणि मग निकाल लागला, तर मला वाटलं, एवढ्या सगळ्या अणदूरला माझ्यात काहीतरी दिसलं असेल, जे मला दिसत नाही." आता ती रडू लागली. आवाज न करता, तोंड वाकडं करून, लहानपणी पडल्यावर रडायची तशी. "मला खरंच वाटलं ग."

मथुराबाईनं पुढं होऊन तिच्या डोक्यावर हात ठेवायला उचलला. पोर मागं सरकली नाही, पण तिनं डोकं वीतभर बाजूला घेतलं, आणि तो हात रिकामाच राहिला. एवढंसं अंतर. मथुराबाईच्या सगळ्या जन्मात तिला कुणी इतकं लांब सारलं नव्हतं. तिनं हात खाली घेतला. त्याला मेथीचा वास येत होता.

"मी स्पर्धेवाल्यांना कळवते," पोर नाक पुसत म्हणाली. "बक्षीस परत. रविवारी तिनंच गावं, मी नाही. तेवढं मी करीन. पण तिला मी सांगणार नाही. तिच्या आजीचं तू सांगायचंस."

"सांगते. रविवारी जाऊ अणदूरला तवा—"

"आत्ता."

तिनं नंबर लावला, फोन आजीच्या हातात दिला आणि खिडकीकडं तोंड करून उभी राहिली. मथुराबाईनं तो दोन्ही हातांनी कानाला धरला. पलीकडं रिंग वाजत होती. उचलू नये असं तिला वाटलं. उचलावा असंही वाटलं. काय म्हणून सुरुवात करायची ते ती मनात जुळवत होती आणि जुळत नव्हतं. माणसाची माफी कशी मागतात हे ती दुसऱ्यांना कैकदा शिकवत आली होती, हात जोड, मान खाली घाल, पुन्हा करणार नाही म्हण. आणि ते सगळं या वेळी तिच्याजवळ नव्हतं.

"ज्ञानू!" तो आवाज आला. थोडा नाकातून. मागं कुकरची शिट्टी. "बरं झालं बाई केलास. मीच करणार होते. अगं, रविवारी तुझ्या मागं कोरसला कोण हाय? कुणी नसलं तर मी उभी राहते की, त्यात काय, घरापुढं तर हाय देऊळ. तुला वरची जागा अवघड जाती ना त्या कडव्यात, तिथं मी हळूच धरीन, कुणाला कळायचं बी न्हाय. ज्ञानू? ऐकतीस का? हॅलो?"

मथुराबाईनं खिडकीकडं पाहिलं. पोर वळली नाही.

"मी ज्ञानू न्हाय ग, लेकरा," ती म्हणाली. "तिची आजी बोलायले, मथुरा. फोन ठेवू नको. म्या तुझं एक वाईट केलंय. आधी सगळं ऐकून घे, आन मंग तोंडाला यील ते बोल मला."